अडचणी संपतच नसतील तर टिकणारा आनंद मिळतो का?

कृष्णाकाठची
मार्चमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नवऱ्याचं दुकान बंद पडलंय, मुलगी दहावीत आहे. परवा सासऱ्यांनी पहिल्यांदा उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, इतका आनंद झाला. तासाभरात हप्त्यासाठी फोन आला आणि सगळं विझलं. टिकणारा आनंद कुणाला मिळालाय का? पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा.

मानसी_शिक्षिका
पुस्तकातलं नको म्हणालात, तरी एक सांगते, कारण मला त्याने धीर दिला. 1978 साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या 22 जणांचा आणि अपघातात अपंग झालेल्या 29 जणांचा अभ्यास झाला होता. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते, उलट नाश्ता, मित्राशी गप्पा यांतली त्यांची गोडी कमी झाली होती. अपघातवाले कमी सुखी होते, पण वाटलं होतं तितके दुःखी नव्हते. तुमचा आनंद तासाभरात विझला यात तुमचं काही चुकलेलं नाही, एवढंच.

निवृत्त_वाहक
ताई, मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, बरीचशी मिरज–पंढरपूर. गेली 6 वर्षं डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पाणी, चहा, आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटर. नारळपाणी बंद, केळं बंद. मे महिन्यात जीव कासावीस झाला की बर्फाचा खडा तोंडात धरतो.

पहिली दोन वर्षं मी नुसती वाट बघितली. पत्नी किडनी द्यायला तयार होती, पण तिला रक्तदाब निघाला. मग पुण्याच्या यादीत नाव घातलं आणि फोनकडे बघत बसलो. किडनी मिळाली की नातवाला पंढरपूरला नेईन, मिळाली की अंगणात मोगरा लावीन. तोवर नातू तीनचा पाच वर्षांचा झाला.

डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. रोज सकाळी तिथे बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. एका सकाळी माझी बोटं बधिर होती, म्हणून पत्नीने हात ठेवला, मग वाकून कानच लावला. म्हणाली, "गाडी चालू आहे." मी पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केलं. डबल बेल. तेव्हापासून रोज साडेपाचला हे होतं, मग अर्धा कप चहा, तोही माझ्या लिटरातलाच.

हा आनंद दिवसभर पुरत नाही. मशीनवर पायात पेटके आले की मी चिडतो, तिच्यावर ओरडलोही आहे. पण उद्या साडेपाच वाजणार आहेत, हे ओरडतानासुद्धा ठाऊक असतं. चार वर्षांत एकच सकाळ चुकली, ती भाच्याच्या लग्नाला गेली होती तेव्हा. मोगराही लावला, किडनी न मिळताच.

सासऱ्यांना नीट बसतं करून रोज एक जेवण त्यांच्या हाताने जेवू द्या, कितीही वेळ लागो. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

तासगावकर
काकांचं वाचून गलबलून आलं. तरी हप्ता आहेच ना! माझी द्राक्षबाग अवकाळीत गेली तेव्हा रात्रीची झोप परत आली ती बँकेने मुदत वाढवून दिल्यावरच. ताई, फोन येण्याची वाट बघू नका. तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघं शाखेत जा, हप्ता कमी करून मुदत वाढवायचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कृष्णाकाठची
अर्ज लिहिलाय, सोमवारी दोघं जातोय.
काका, आज रात्री मऊ वरणभात केला होता. आठ घास त्यांनी स्वतः घेतले, पंचवीस मिनिटं लागली. अर्धा सदऱ्यावर सांडला, मी पुसला नाही, बसून राहिले. फोन मुलीच्या खोलीत होता.
एक विचारू? काकू कान लावतात तेव्हा आवाज कसा येतो?

निवृत्त_वाहक
तिलाच विचारलं. म्हणते, रात्री लांबून घाट चढणाऱ्या गाडीचा येतो ना, तसा.