मुक्त गुलामांचे रोममधील स्थान
मुक्ती मिळाली तरी रोममधील गुलाम कायम समाजाबाहेरच राहत असे, हे विधान मला पटत नाही. नागरिकाने रीतसर मुक्त केलेल्या गुलामाला सामान्यतः नागरिकत्व मिळे. अधिकारपदे त्याला बंद असत, पण मुक्तीनंतर जन्मलेल्या मुलांवर ते बंधन नसे, म्हणूनच मुक्त गुलामाचा मुलगा पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये सम्राट होऊ शकला. रोममधील पोर्टा माज्जोरे या प्राचीन वेशीजवळची युरिसाकेस या बेकरीवाल्याची समाधी पाहावी. तो बहुधा मुक्त गुलामच होता. समाधीवरील शिल्पपट्टीत गाढवे फिरवत असलेली दळणाची जाती, कणीक मळणारे हात, लांब दांड्याच्या फळीने भट्टीत पाव सरकवणारा कामगार आणि तराजूत होणारे पावांचे वजन हे सारे बारकाईने कोरलेले आहे. अंगमेहनतीला तुच्छ लेखणाऱ्या उमरावांच्या शहरात त्याने आपला धंदा असा अभिमानाने मिरवला, याचे मला फार अप्रूप वाटते.