झिंक ठीक, पण टॅपेट फिरतोय का?

कमी झिंकच्या (झीज रोखणाऱ्या रसायनाच्या) नव्या ऑइलमुळेच जुन्या इंजिनांचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, झिजतो असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. माझ्या अँबॅसडरमध्ये (१४८९ सीसी) भरपूर झिंकवालं ऑइल असूनही एक टॅपेट (कॅमवर टेकणारा दट्ट्या) दर महिन्याला सैल व्हायचा. वागळे इस्टेटच्या मिस्त्रींनी पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणारी सळई) काढून, बाजूचं कव्हर उघडून तो उचलला, तर तळाला नखाला लागेल असा खड्डा! नव्या कॅमवर जुनेच टॅपेट चढवले होते, काटकसर माझीच. टॅपेटचा तळ किंचित फुगीर, कॅमचा उंचवटा (लोब) किंचित उतरता, म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरतो. घासलेला तळ फिरत नाही, एकाच जागी रगडतो.

नवा सेट बसवल्यावर पुशरॉडला नेलपॉलिशचा ठिपका लावून फिरतोय ना ते पाहिलं. त्याआधी पहिल्या स्टार्टला आयडलवर न सोडता नवे भाग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून गाडी २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.