खाफ्रेच्या पिरॅमिडखाली 648 मीटर खोल खांब? मग पाणी कुठं लागलं?

हरिपूरकर (सांगली):

नमस्कार मंडळी. आमचं घर हळदीतलं. वडील हरिपुरात पेवं भरायची आणि उपसायची कामं घ्यायचे, मीही एकोणिसाव्या वर्षापासून पेवात उतरतोय. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत वीस-बावीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं आणि खाली पोट रांजणासारखं मोठं. आतून शेणानं सारवायचं, पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नसते म्हणून कीड लागत नाही, आणि त्याच कारणानं माणूसही मरू शकतो. पेव उघडल्यावर रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं, सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत टिकली तरच माणूस उतरणार. एकदा दहा हातांवरच कंदील विझला. माल दोन दिवस उशिरा निघाला, व्यापारी चिडला, पण वडिलांनी कुणाला पाय टाकू दिला नाही.

हे सगळं सांगायचं कारण, परवा भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. इजिप्तमध्ये गीझा इथं खाफ्रे राजाच्या पिरॅमिडखाली आठ प्रचंड पोकळ खांब सापडलेत, 648 मीटर खोल, त्याखाली आणखी दालनं. पोरगा हरखून गेलाय. मला एवढंच विचारायचंय की यातलं माणसानं उतरून बघितलेलं किती आणि नुसतं वरून सांगितलेलं किती? शिवाय 648 मीटर म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. आमच्याकडं बोअर पाचशे फूट गेला तरी शेतकरी कपाळाला हात लावतो. शेजारून नाईल वाहत असताना हे खांब कोरडे कसे राहिले? पाण्याबद्दल त्या व्हिडिओत कुणी चकार शब्द काढलेला नाही.

निवृत्त मास्तर (सातारा):

हरिपूरकर, तुम्ही पाण्याचं बोट अगदी बरोबर जागी ठेवलंत. खाफ्रेच्या पिरॅमिडकडून स्फिंक्सकडे उतरणारी जी दगडी वाट आहे, तिच्याच खाली विहिरीसारखा एक खड्डा आहे. त्याला ओसायरिस शाफ्ट म्हणतात. एकाखाली एक असे तीन टप्पे, एकूण खोली साधारण 30 मीटर. 1930 च्या दशकात इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ सलीम हसन यांच्या पथकाला तो दिसला, पण खालचा टप्पा पाण्यात होता. 1999 मध्ये तिथलेच पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी पाणी उपसून तळ उघडा केला, तेव्हा मधोमध दगडी शवपेटी आणि तिच्याभोवती पाण्यानं भरलेला चर दिसला. म्हणजे खाफ्रेच्या अंगणात 30 मीटरवरच पाणी आहे. त्याखालचे सहाशे मीटर कोणी आणि कसे कोरले, हे सांगण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांची.

तो दावा मार्च 2025 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पत्रकारांपुढे मांडला. उपग्रहाच्या रडारवरून काढलेली चित्रं दाखवली. हवास यांनी तो साफ फेटाळला, आणि जमिनीखालच्या रडारवर काम करणाऱ्यांनीही सांगितलं की या लहरी एवढ्या खोल जातच नाहीत. कोरड्या वाळूत त्या फार तर काही मीटर शिरतात, ओल लागली की तिथंच संपतात.

आता उतरून बघितलेलं. शेजारच्याच खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडखाली खडकात खोदलेलं दालन आहे, पायाच्या पातळीपासून 30 मीटर खाली. तिकडे जाणारा उतरता बोळ शंभरेक मीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर उंच, सगळा वाकून उतरायचा. दालन अर्धवटच सोडलंय. खडक फोडताना कामगारांनी पाडलेले चर आणि मधले न काढलेले उंचवटे तसेच आहेत.

याच ठिकाणचा एक प्रसंग खास तुमच्यासाठी. काव्हिग्लिया नावाचा इटालियन दर्यावर्दी 1817 मध्ये या पिरॅमिडमधल्या एका उभ्या विवरात उतरला. खाली हवा इतकी कोंडलेली की मेणबत्त्या नीट जळेनात. हवा शुद्ध होईल या आशेनं त्यानं आत गंधक जाळलं, तरी काम पुढे सरकलं नाही. मग तो मलब्यानं भरलेला उतरता बोळ उपसायला लागला. बराच खाली गेल्यावर बाजूच्या एका तोंडातून गंधकाचा वास आला! ते त्याच विवराचं खालचं टोक होतं. तोंड मोकळं झाल्यावर हवा खेळायला लागली. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची.

तासगावकर:

मास्तर, आदर राखून बोलतो. 2017 मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये तीसेक मीटर लांबीची पोकळी जाहीर झाली, तेव्हाही हवास यांना ती पटली नव्हती. मग 2023 मध्ये उत्तर बाजूला नऊ मीटरचा बोळ खरंच निघाला. त्यामुळं नवीन काही आलं की लगेच खोटं म्हणू नये असं मला वाटतं. यंत्रं आता खूप पुढं गेलीत.

निवृत्त मास्तर (सातारा):

तुमची उदाहरणं खरी आहेत आणि माझीही आवडती आहेत. पण ती यंत्रं वेगळी. आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत पडत असतात, आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा-दुसरा जातोच. दगड जाड असेल तर ते अडतात, मधे पोकळी असेल तर जास्त पोचतात. ते मोजायचे तर कण टिपणारी पट्टी पोकळीच्या खाली ठेवावी लागते. 2017 साली ती खुफूच्या पिरॅमिडमधल्या राणीच्या दालनात ठेवली होती. त्याआधी 1960 च्या दशकाच्या अखेरीला भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये तळाच्या दालनात उपकरण बसवून हाच प्रयोग केला होता, आणि वरच्या ज्या भागाकडे उपकरणाची नजर होती तिथं काही मिळालं नाही. म्हणजे हे तंत्र डोक्यावरचं दाखवतं, पायाखालचं नाही.

आणि 2023 चा तो नऊ मीटरचा बोळ मान्य झाला कशानं? दगडांच्या फटीतून सहा मिलिमीटर जाडीचा जपानी कॅमेरा आत घातला आणि बोळ डोळ्यांनी पाहिला. दादा, तो कॅमेरा म्हणजे आपल्या हरिपूरकरांचा कंदीलच.

कृष्णाकाठची (कऱ्हाड):

दादा, खरी भुयारं हवी असतील तर गीझापेक्षा सक्कारा बघा. जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली 28 मीटर खोल चौकोनी विहीर आणि तिच्याभोवती साडेपाच किलोमीटरहून जास्त लांबीचे बोळ आहेत, माणसांनी फिरून मोजलेले.

तिथलंच सेरापियम मी स्वतः पाहिलंय. आपिस नावाच्या पवित्र बैलांची दफनभूमी. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला 1850 मध्ये वाळूतून वर आलेलं स्फिंक्सचं एक डोकं दिसलं, तो माग धरून तो पुढच्या वर्षी आत पोचला. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उबारा, बंद माजघरासारखा. दोन्ही बाजूंचे कोनाडे वाटेपेक्षा खोल आहेत, त्यामुळं पेट्या तुम्ही वरून वाकून बघता. एकेक पेटी साठ-सत्तर टनांपर्यंत, अशा चोवीस. एका पेटीच्या काळ्या दगडावर मी तळहात ठेवला, तो आपल्या देवळातल्या नंदीच्या पाठीसारखा गुळगुळीत लागला. बैलासाठी एवढं करणारी माणसं मला परकी वाटलीच नाहीत, आपल्याकडं बेंदराला काय करतो आपण?

भाच्याला पहिल्या सेटी राजाच्या थडग्यातलं भुयारही सांगा. 1960 मध्ये शेख अली अब्देल रसूल यांनी पदरचे पैसे घालून ते खोदायला घेतलं, पण तळ गाठता आला नाही. अखेर 2010 मध्ये हवास यांच्या पथकानं ते पूर्ण मोकळं केलं. 174 मीटर! आणि शेवटी काहीच नाही, कोरता कोरता मधेच सोडून दिलेलं.

हरिपूरकर (सांगली):

मास्तर, ताई, तासगावकर, तिघांचेही मनापासून आभार. गंधकाच्या वासाचा प्रसंग वाचून वडिलांची फार आठवण आली. 2005 च्या पुरात आमची दोन पेवं पाण्याखाली गेली, हळद कुजली. त्यानंतर जमिनीखालचं काहीही ऐकलं की पहिला विचार पाण्याचाच येतो.

भाच्याला रात्री सगळं वाचून दाखवलं. खांबांबद्दल तो काही बोलला नाही, पण सहा मिलिमीटरचा कॅमेरा कसा असतो ते तीनदा विचारलं. रविवारी आमचं उरलेलं पेव उघडायचंय. त्याला काठावर बसवून कंदील त्याच्याच हातानं सोडायला लावणार आहे.

ताई, एक राहिलंच. सेटीच्या भुयारात 174 मीटर आत काम करणाऱ्यांना हवा कशी पुरवली असेल? जुन्या काळी कोरणाऱ्यांना आणि आताच्या पथकालाही. कुणी वाचलं असेल तर जरूर लिहा.