पुढे असूनही स्टूलवरून न उठलेला व्हिताली क्लिचको : चूक की बरोबर?

पूर्णाकाठ (दर्यापूर)
हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी काल रात्रीची होती. मोटर चालू करून धुऱ्यावर बसल्या बसल्या मी आणि चुलतभावानं मोबाईलवर बॉक्सिंगची एक जुनी लढत पाहिली, आणि ओलित संपेपर्यंत आमचं त्यावरून वाजलं. म्हणून इथं मांडतो.

१ एप्रिल २०००, बर्लिन. डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट, म्हणजे सर्वात जड गटातला, जगज्जेतेपदाचा पट्टा. व्हिताली क्लिचको तोवर २७ लढती लढलेला आणि सत्तावीसही नॉकआउटनं जिंकलेला. समोर ख्रिस बर्ड, मूळचा मिडलवेट, म्हणजे बऱ्याच हलक्या गटातला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचं रौप्य त्यानं त्याच गटात मिळवलेलं. व्हितालीपेक्षा अर्ध्या फुटाहून जास्त बुटका, पण हातात सापडत नाही असा चपळ. नऊ राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर व्हिताली पुढे होता : ८८-८३, ८८-८३, ८९-८२. दहावा सुरू व्हायच्या आधी त्यानं कॉर्नरला, म्हणजे कोपऱ्यातल्या आपल्या माणसांना, सांगितलं की खांदा गेला. डाव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला होता. लढत तिथंच संपली आणि पट्टा बर्डच्या कमरेला गेला.

त्यानंतर अमेरिकेतल्या समालोचकांनी व्हितालीला पळपुटा ठरवलं. माझा भाऊही तेच म्हणतो. माझं मत असं की तो उठला नाही हेच बरोबर केलं. दुखणं ज्याच्या अंगात आहे त्याला काळीज नाही म्हणायचा हक्क बाहेर बसलेल्याला कुणी दिला?

वऱ्हाडी ठोसा (मूर्तिजापूर)
भाऊ, मी तुह्या भावाच्या बाजूनं हाव. आंधी हिशोब पाय. दोन पंचाईकडे ८८-८३. आता बारापैकी उरलेले तिन्ही राउंड बर्डले १०-९ नं (जिंकणाऱ्याले १०, हारणाऱ्याले ९) देऊन टाक. व्हितालीचे होतात ११५, बर्डचे ११३. तिसऱ्या पंचाकडे ११६-११२. म्हणजे तिन्ही राउंड हारला असता तरी पट्टा त्याच्याचकडे राह्यला असता! त्याले एक ठोसाबी मारायची गरज नोती. नऊ मिनिटं पायावर उभं राहाचं होतं, बस. मिठी मारायची, दोरीले पाठ लावायची, गोल फिरायचं. जगज्जेता म्हणून घेतो त्या माणसाले नऊ मिनिटं काढता येत नाई?

वैनगंगा (पवनी)
हिशोब बरोबर आहे, पण तो दोन्ही हात चालणाऱ्या माणसाचा आहे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रोटेटर कफ म्हणजे चार स्नायूंचं वेटोळं. दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत तेच धरून ठेवतं. ते फाटलं की हात बाजूनं वर उचलता येत नाही. आमच्याकडे असे लोक येतात ते नांगरताना कासरा हाताला गुंडाळलेला असतो आणि बैल एकदम झटका देतो तेव्हा. एक बाई चिखलणीच्या वेळी बांधीत घसरून हातावर पडल्या होत्या. कितीतरी महिने त्यांना स्वतःची वेणी घालता आली नाही, मुलगी घालून द्यायची. फाटलेला स्नायू तसाच वापरत राहिलं तर फाटणं वाढतं, टोक मागं ओढलं जातं आणि शिवायला कठीण होऊन बसतं.

व्हितालीचा डावा हात म्हणजे त्याचा जॅबचा, सरळ पुढे मारायच्या झटपट ठोशाचा हात. माणसाला लांब ठेवायचं ते त्याच हातानं. तो हात नाही म्हणजे कुंपण काढून टाकलेलं वावर. आणि मिठी मारायलासुद्धा दोन्ही खांदे लागतात.

वऱ्हाडी ठोसा (मूर्तिजापूर)
ताई, तुमचं मान्य. पण त्याच साली, ऑक्टोबरात, लंडनले डॅनी विल्यम्स अन् मार्क पॉटर ह्या हेवीवेटाईची लढत झाली. विल्यम्सचा उजवा खांदा निखळला. एक हात लटकते अन् माणूस लढते! सहाव्या राउंडात त्यानं फक्त डाव्या हातानं पॉटरले पाडलं. ते पाह्यताना माह्या अंगावर काटा येते. बॉक्सिंग आपण ह्याच्यासाठी पाहतो ना?

काळी माती (वणी)
१९६४ मध्ये मायामी बीचवर तेव्हाचा जगज्जेता सोनी लिस्टन असाच डाव्या खांद्याचं कारण सांगून सातव्या राउंडला उठला नाही. समोर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, पुढचा मोहम्मद अली. लिस्टनवरचा संशय आजवर गेला नाही. माझ्या मते व्हिताली त्याच रांगेतला.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
काळी माती, लिस्टन आणि व्हिताली एका रांगेत बसत नाहीत. लिस्टन उठला नाही तेव्हा गुण बरोबरीत होते आणि अली दर राउंडला वरचढ होत चालला होता. हरताना सोडणं वेगळं. व्हिताली मोठ्या फरकानं पुढे होता. जिंकत असलेला माणूस पट्टा हातानं उचलून दुसऱ्याला देतो तो काय घाबरून?

आणि ठोसाभाऊ, विल्यम्सचं पुढचं सांगायचं राहिलं. जुलै २००४ मध्ये त्यानं माईक टायसनला हरवलं. मोठा पराक्रम होता तो. त्याच वर्षी डिसेंबरात लास वेगासला तो उभा राहिला कुणासमोर? ह्याच व्हितालीसमोर. पडला, उठला, पुन्हा पडला, आठव्या राउंडात रिंगमधल्या रेफरीनं लढत थांबवली. एका हातानं लढलेल्या वीराला ‘पळपुट्या’नं असं हरवलं. त्या एका रात्रीवरून दोघांचं काळीज मोजता येत नाही एवढंच मला म्हणायचं आहे.

दंगलप्रेमी (पुसद)
आमच्या भागात यात्रेतल्या दंगलीत मी खांदा उतरलेले पैलवान पाहिले आहेत. वस्तादानं ओढून खांदा बसवायचा, माती चोळायची आणि पोरगं परत आखाड्यात. लोक उभे राहून पैसे लावतात त्याच्यावर. ती हिंमत खोटी नाही.

सतीश कुमारला विसरू नका. ऑलिम्पिकमध्ये सुपर हेवीवेटला उतरलेला भारताचा पहिला बॉक्सर. टोकियोत रिकार्डो ब्राऊनला हरवताना त्याचा चेहरा फाटला, तेरा टाके पडले. तरी १ ऑगस्ट २०२१ ला तो जगज्जेत्या बखोदिर जालोलोवसमोर उतरला. ५-० नं हरला, पण शेवटपर्यंत लढून हरला. त्या दिवशी गावात टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांच्याही डोळ्यात पाणी होतं. देशासाठी असं उतरणारा माणूस डोळ्यासमोर असताना व्हितालीला शहाणा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

वैनगंगा (पवनी)
दंगलप्रेमी, सतीश कुमारला डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली होती, मगच तो उतरला. तुमच्या आखाड्यात ओढून बसवलेला खांदा पुन्हा पुन्हा उतरतो, आणि मग तो पैलवान पस्तिशीत डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊ शकत नाही. पैसे लावणारे तेव्हा कुठं असतात?

शिकाऊ जॅब (अकोला)
मी वयानं लहान आहे, तरी लिहितो. आपल्या विदर्भाचं बॉक्सिंग सगळ्यांना माहीत आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या खेड्यातला अनंता चोपडे २०१९ मध्ये इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण घेऊन आला, नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक सुवर्ण मिळवलं. त्यांना पाहूनच माझ्या बापानं सोयाबीन विकून मला ग्लोव्हज घेऊन दिले.

गेल्या वर्षी एका निवड स्पर्धेत पहिल्या राउंडातच माझ्या मनगटात कळ गेली. कॉर्नरला सरांनी विचारलं, काही होतंय का? मी नाही म्हटलं. डॉक्टर टेबलावर होते, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाप गावाहून एसटीनं आला होता, त्याच्यासमोर हात वर करायची लाज वाटली. दोन राउंड तसाच मारत राहिलो. हाड मोडलेलं होतं. लढत हरलो आणि वर्षही गेलं.

म्हणून मला वाटतं, हा निर्णय बॉक्सरवर सोडूच नये. मॅगोमेद अब्दुसलामोव नावाचा रशियन हेवीवेट होता. १८ लढती, सगळ्या नॉकआउटनं जिंकलेल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला माईक पेरेझविरुद्ध सुरुवातीलाच चेहऱ्याला जबर मार बसला, तरी दहाही राउंड तो उभा राहिला. लढत संपल्यावर टॅक्सीनं दवाखान्यात गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आज तो स्वतःच्या पायावर चालू शकत नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर दिले. ‘बस, उभं राहाचं होतं’ असं वाचलं की मला तोच आठवतो.

वऱ्हाडी ठोसा (मूर्तिजापूर)
बाळा, तुह्या मनगटाचं वाचून वाईट वाटलं. तुह्या वयाच्या पोरानं नाई लपवायला पायजे. पण खांद्याची अन् मेंदूची गोष्ट एक नाई. खांद्यानं माणूस मरत नाई.

काळी माती (वणी)
एक नियमाचा प्रश्न. नऊ राउंड पुढे होता तर गुणांवर निकाल का नाही दिला?

पूर्णाकाठ (दर्यापूर)
गुणांवर निकाल लागतो तो चुकून झालेल्या फाउलनं दुखापत झाली तर. समजा डोक्याला डोकं आपटून भुवई फाटली आणि चार राउंड पुरे झालेले असले, तर पंचांचे कागद मोजतात. चारच्या आत थांबली तर सहसा निकालच नाही. पण ठोशानं लागलं किंवा स्वतःचाच खांदा गेला तर ज्याला लागलं तो हरला. हा नियम मला पटतो. नाहीतर पुढे असलेला प्रत्येक जण आठव्या राउंडात खांदा धरून बसेल. व्हितालीला हा नियम माहीत होता. उठलो नाही तर हरलो, हे कळत असूनही तो बसून राहिला.

त्यानंतर व्हितालीची जगज्जेत्या लेनॉक्स लुईसशी झालेली लढत. २१ जून २००३, लॉस एंजेलिस. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. सहा राउंडनंतर तिन्ही कागदांवर व्हिताली ५८-५६ नं पुढे. तिसऱ्या राउंडात लुईसच्या ठोशानं डोळ्यावर अशी जखम झाली होती की पापणी लोंबायला लागली. डॉक्टरांनी थांबवलं, जखम ठोशाची म्हणून लुईस जिंकला. व्हिताली मात्र थांबवू नका म्हणून भांडत होता. साठ टाके पडले. अख्खं स्टेडियम त्याच्या बाजूनं झालं.

आता मला सांगा, तीन वर्षांत माणसाला नवं काळीज फुटतं का? माणूस तोच. एकदा त्यानं स्वतः सांगितलं म्हणून तो भित्रा, एकदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो वाघ. आपण दुखापत मोजतच नाही, ‘बस’ हा शब्द कुणाच्या तोंडून आला तेवढंच पाहतो.

दंगलप्रेमी (पुसद)
हे मात्र मनाला लागलं. आमच्या आखाड्यात ‘बस’ म्हणणारं कुणीच नसतं. वस्ताद म्हणत नाही, पोरगं तर म्हणतच नाही.

काळी माती (वणी)
हेवीवेट डॅनियल डुबॉय पण आठवा. २०२० मध्ये जो जॉइसविरुद्ध डोळ्याभोवतीचं हाड मोडलं म्हणून दहाव्या राउंडात गुडघा टेकला. त्यालाही सोडून पळाला म्हणाले. २०२४ मध्ये वेम्बलीत त्यानंच माजी जगज्जेत्या अँथनी जोशुआला पाचव्या राउंडात झोपवलं. लिस्टनच्या रांगेतून व्हितालीला मी बाहेर काढतो.

वऱ्हाडी ठोसा (मूर्तिजापूर)
मी नाई काढत. लुईसच्या लढतीनंतर मी व्हितालीले मानतो, मनापासून मानतो. ४७ लढती, फक्त दोन हार, दोन्ही दुखापतीनं, अन् कधी पाठ जमिनीले लागली नाई. पण म्हणूनच बर्लिन मले टोचते. एवढ्या ताकदीचा माणूस! उठून एक राउंड तरी पाहायचा होता. नसतं जमलं तर हार मानून रिंगात टाकायचा टॉवेल होताच की कॉर्नरजवळ.

शिकाऊ जॅब (अकोला)
काका, टॉवेल कॉर्नर टाकतो, पण दुखतंय हे आधी बॉक्सरनंच सांगावं लागतं. व्हितालीनं तेच केलं. मी केलं नाही.

वैनगंगा (पवनी)
मनगट आता कसं आहे? मूठ घट्ट आवळताना अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर पुन्हा एक्स-रे काढून घे. तिथलं एक लहान हाड कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत नाही.

शिकाऊ जॅब (अकोला)
दुखतं, ताई. सोमवारी जातो. ह्या वेळी सरांना सांगून.