१९५१ ची शेवरले, सहा सिलिंडर: आवाजासाठी दोन सायलेन्सर कसे लावावेत?

दांडियाबाजारकर (बडोदा)

नमस्कार मंडळी. आजोबांची १९५१ ची शेवरले स्टाइललाइन आमच्याकडे आहे. इंजिन मूळचंच, २१६ घनइंचाचं, साधा तीन गिअरचा बॉक्स. दोन वर्षं ब्रेक, वायरिंग, रेडिएटर असं एकेक करत गाडी चालती केली. आता सायलेन्सर इतका गंजलाय की खालून बोट लावलं तर आत जातं. बदलायचाच आहे, तर दोन पाईप टाकावेत असं मनात आहे.

कारण सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. निघताना शेजारून एक सहा सिलिंडरची अमेरिकन गाडी हळूच गेली. मागे दोन नळ्या. आवाज मोठा नव्हता, पण खर्जातला, एकेक ठोका सुटा ऐकू यावा असा. तो डोक्यातून जात नाही.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, आहे त्याच पाईपला गिअरबॉक्सखाली वाय जोडून दोन फाटे काढू. दुसरा म्हणतो अडीच इंची पाईप घाला, आवाज आपोआप येईल. कुणाचं ऐकू? एक अट आहे: आई मागच्या सीटवर बसते, पावागडापर्यंत जाऊन यायचं तर तिचं डोकं दुखता कामा नये.

किंग्जवे_सिक्स

वाय अजिबात नको. माझ्या डॉज किंग्जवेला मी तेच केलं. दोन ग्लासपॅक (आत ग्लासवूल भरलेले सरळ नळीचे सायलेन्सर), मागे दोन क्रोमच्या नळ्या. आवाज आधीसारखाच, फक्त मोठा झाला. वर ताशी ५० च्या आसपास छताचा पत्रा असा घुमतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. मुलीनं गाडीत बसायचं सोडलं. आता पुन्हा एक पाईप करतोय.

वाडीचा जुना फिटर

ही गाडी मला बहुतेक ठाऊक आहे. फिकट हिरवी, पुढच्या बंपरला डावीकडे पोचा? शाळेत जाताना रोज बघायचो. म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आवाज कुठून येतो ते आधी समजून घे, मग पाकीट काढ. तुझ्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. बोटांवर मोज: एक पुढचा, पाच मागचा, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा. पुढचे तीन आणि मागचे तीन आळीपाळीनं सुटतात, पखवाजाच्या दोन पुड्यांवर हात पडावेत तसे. पुढच्या तिघांना एक पाईप आणि मागच्या तिघांना दुसरा दिलास, की प्रत्येक पाईपमध्ये ठोके सारख्या अंतरानंच येतात, पण निम्मे. आयडलिंगला मिनिटाला ६०० फेऱ्या धर. एकाच पाईपमधून सेकंदाला ३० ठोके जातात, ते कानात एकमेकांना चिकटतात. दोन पाईपमध्ये वाटले की प्रत्येकी १५, आणि ते सुटे ऐकू येतात. पॅलेसवर तू ऐकलंस ते हे.

वाय खाली टाकला तर सहाही ठोके मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनाला लागून सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीतच, एक झालेले असतात. नंतर पाईप दोन कर नाहीतर चार, वेगळे होत नाहीत. वाटणी मॅनिफोल्डलाच झाली पाहिजे.

तुझ्या इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) एक्झॉस्टची तोंडं चार: १ चं स्वतंत्र, २-३ चं एक, ४-५ चं एक, ६ चं स्वतंत्र. ३ आणि ४ च्या मध्ये वाटणीची जागा कारखान्यानंच ठेवली आहे म्हण ना. आता रस्ते दोन. मूळ मॅनिफोल्ड कापून आत पडदा वेल्ड करायचा आणि दुसरं तोंड काढायचं, किंवा फेंटन या जुन्या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीचे बिडाचे दोन हेडर (तीन-तीन सिलिंडरांचे तयार मॅनिफोल्ड) अमेरिकेतून मागवायचे. ते अजून ओतले जातात.

मूळ मॅनिफोल्ड कापू नकोस. मी एकदा कापलंय. तेव्हा मी जिथे कामाला होतो तिथे बीड तापवायला भट्टी नव्हती. गॅसच्या ज्योतीनं जमेल तेवढं तापवून निकेलच्या रॉडनं शिवण घातली. दिसायला सुरेख. संध्याकाळी शटर ओढत होतो, तेवढ्यात बाकावरून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. सकाळी बघतो तर शिवण शाबूत, आणि तिच्या शेजारून ४-५ च्या तोंडापर्यंत केसाएवढा तडा. बीड असंच तुटतं, शिवणीच्या बाजूला. अख्खं मॅनिफोल्ड सारखं तापवून, वेल्डिंग झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्यायला हवं होतं. गिऱ्हाइकाला दुसरं मॅनिफोल्ड मिळायला आठ महिने गेले. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला अजून बोचतं.

म्हणून हेडरच मागव. त्यात एक गोष्ट जाते, ती आधीच माहीत असू दे. मूळ मॅनिफोल्डला कार्बोरेटरच्या खाली एक झडप असते, इंजिन थंड असताना ती गरम वायू इनटेकच्या पोटाशी फिरवते. फेंटनला ती नाही. आपल्याकडे मे महिन्यात काही कळणार नाही, जानेवारीच्या सकाळी मात्र चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागेल.

अडीच इंच विसर. इंजिन ९२ हॉर्सपॉवरचं, त्यातलं निम्मं एका पाईपमध्ये. पावणेदोन इंच पुष्कळ झालं, त्याहून मोठा घेतलास तर आवाज पोकळ होतो. सायलेन्सर सरळ नळीचाच घे, पण बसेल तेवढा लांब. आखूड घेतलास की घुमतो, आणि आतलं ग्लासवूल जळत गेलं की वर्षागणिक कर्कश होत जातो. दोन्ही एकाच मापाचे हवेत. आणि आईसाठी म्हणून सांगतो, शेवट मागच्या बंपरच्या बाहेर काढ. मागच्या दाराखाली सोडलेला धूर सगळा आत येतो.

एक पाईप उजवीकडे न्यायचा असेल तर बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) मागे, जमेल तितका वर चिकटवून ने. या गाडीत मागची चाकं फिरवणारा शाफ्ट बंद नळीत आहे, त्या जाड नळीखालून पाईप गेला तर पहिल्याच स्पीडब्रेकरला तो घासेल. ब्रेकच्या नळीपासून लांब ठेव. दोन पाईपना उष्णता निम्मी-निम्मी मिळते, त्यामुळे गावातल्या गावात फिरवलीस तर आत पाणी साचून राहतं आणि पाईप आतून सडतो. प्रत्येकाच्या सर्वात खालच्या जागी एक सूताचं (इंचाच्या आठव्या भागाचं) भोक पाड.

होळकर_गॅरेज (इंदूर)

काकांनी मॅनिफोल्ड कापू नका म्हटलं, त्याला कागदांच्या बाजूनंही आधार आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ नको. हेडर बोल्टवर बसतात, बोल्टवर निघतात. मूळ मॅनिफोल्ड तेलाचा हात लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा. प्रदर्शनात परीक्षक बॉनेट उघडायला लावतात, तेव्हा परत चढवता येईल. आणि आवाज बेतानंच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या १९० कलमात ध्वनिप्रदूषणही येतं, जुनी गाडी म्हणून सूट नाही.

दांडियाबाजारकर (बडोदा)

काका, तीच गाडी. पोचा आजोबांनी अलकापुरीच्या गरनाळ्यात पाडला होता, मी कधी काढू दिला नाही. तुमचं वाचून बाबा दोन मिनिटं गप्प बसले.

ठरलं. हेडर मागवतो, पावणेदोन इंच, लांब सायलेन्सर, बंपरबाहेर शेवट. मूळ मॅनिफोल्ड आजच माळ्यावर ठेवतो. बसवल्यावर सांधे गळतात का हे कसं बघायचं?

वाडीचा जुना फिटर

इंजिन थंड असताना सुरू कर. फॅनचा वारा लागतो, म्हणून मध्ये पुठ्ठा धर. एक जण मागे कापडाचा बोळा पाईपच्या तोंडावर हलकेच दाबेल, आधी एक, मग दुसरा. तू पेटवलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरव. तेव्हा कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी कोरडी ठणठणीत असली पाहिजे, आधी हात लावून खात्री कर. जिथे धूर झटका खाऊन बाजूला होईल तिथे गळती आहे. मग इंजिन गरम करून पूर्ण निवू दे आणि नट पुन्हा आवळ, मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं. हे दोनदा कर. पहिल्याच दिवशी सगळा जोर लावू नकोस, हेडरचा कान तुटेल.

झाली की वाडीत घेऊन ये. मला जिना उतरायला वेळ लागतो, खाली इंजिन चालू ठेव.