मदत हवी आहे : येशूला राजकीय बंडखोर म्हणता येईल का?

येशूला रोमविरोधी बंडखोर ठरवणाऱ्या मांडणीत एक गाठ सुटत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

बंडखोरीच्या बाजूचे पुरावे भक्कम आहेत. क्रूसाची शिक्षा रोमन लोक मुख्यतः गुलाम, दरोडेखोर आणि बंडखोरांना देत. धर्मनिंदेची यहुदी शिक्षा दगडमाराची. क्रूसावरच्या पाटीवर आरोप होता 'यहुद्यांचा राजा', आणि रोमच्या संमतीशिवाय राजा म्हणवणं हा राजद्रोहच. त्यात वल्हांडण या यहुदी सणाची गर्दी, मंदिराच्या आवारात सराफांचे चौरंग उलथवलेले.

अडतं ते पुढे. इ.स. ३६च्या सुमारास गरिज्जीम डोंगरावर निघालेल्या शोमरोनी (समॅरिटन) जमावावर पिलातने, म्हणजे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या याच रोमन सुभेदाराने, घोडदळ आणि पायदळ घातलं. स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या थुदासच्या वेळी, सुमारे ४५ साली, त्याच्यासोबत अनुयायीही कापले गेले. येशूच्या बाबतीत मात्र एकटा म्होरक्या मारला. शिष्य पेत्र आणि येशूचा भाऊ याकोब नंतर यरुशलेममध्येच राहिले, प्रेषित पौल त्यांना तिथे भेटल्याचं स्वतः लिहितो. म्हणजे ही चळवळ सशस्त्र नाही हे पिलातला पक्कं ठाऊक असणार. लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांकडे असलेल्या दोन तलवारींवर मला फार भार टाकवत नाही. 'झीलट' हा सशस्त्र यहुदी गटही रोमविरुद्धच्या ६६ सालच्या युद्धाच्या काळातला, तो मागे नेऊन चिकटवू नये.

माझा प्रश्न असा : निःशस्त्र चळवळीचा फक्त नेता मारून अनुयायी सोडून दिल्याचं दुसरं उदाहरण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्याकडे आहे का? बाप्तिस्मा करणारा योहान माहीत आहे, पण त्याला मारणं हा गालीलचा स्थानिक शासक हेरोद अंतिपाचा निर्णय होता. रोमन सुभेदाराने असं केल्याचा दाखला हवा आहे, शक्यतो ६६ सालाआधीचा.