दात नसलेला जीवाश्म देवमासा नुसत्या हाडांवरून कसा ओळखतात?

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. गेल्या वर्षी मुलीकडे न्यूझीलंडला गेलो असताना वायटाकी खोऱ्यातील अनातिनी येथे चुनखडकात रुतलेली देवमाशाची हाडे पाहिली. पिवळसर दगडात तपकिरी हाडे आणि वर पारदर्शक आवरण. त्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी तो भूभाग बहुतांशी समुद्राखाली होता आणि जमिनीवरून गाळ फारसा येत नसल्याने शंखशिंपल्यांचा चुराच तळाशी साचून त्याचा हा खडक झाला.

परतल्यावर आमच्या जुन्या शाळेत छायाचित्रे दाखवली, तेव्हा एका मुलाने पायाखालच्या शहाबादी फरशीकडे बोट करून विचारले, “सर, ही बी चुनखडकाचीच हाय ना, मग हिच्यात देवमासा का घावत नाही?” तो खडक पाठीचा कणा असलेले प्राणी जन्मण्यापूर्वीचा आहे, एवढे मी सांगू शकलो. आपला काळा पाषाण तर लाव्हाचाच, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता.

अडलो ते पुढच्या प्रश्नावर. या देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी वरच्या जबड्यातून लोंबणारी, पाण्यातून भक्ष्य गाळून घेणारी झालर असते, असे मी सांगितले होते. (‘झालर’ हा शब्द माझा, रूढ मराठी शब्द असल्यास अवश्य कळवावा.) ही झालर नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याची असल्याने जीवाश्मात क्वचितच टिकते. त्यावर एका मुलीने विचारले, “मग त्याला झालर होतीच, हे कशावरून?”

माझ्या वाचनानुसार चपटा, रुंद वरचा जबडा, बाहेरच्या बाजूला बाक असलेली आणि पुढे एकमेकींना न सांधलेली खालच्या जबड्याची हाडे, तसेच टाळूवरील रक्तवाहिन्यांच्या खाचा, या खुणा पाहतात. याच चुनखडकातील, २०१५ साली नामकरण झालेला टोकाराहिया हा देवमासा झालरवाल्यांच्या इओमिस्टिसेटिडी या जुन्या कुळातला मानला जातो. परंतु अंटार्क्टिकातील सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या लॅनोसेटसच्या टाळूवरही अशा खाचा आहेत, आणि त्याला तर चांगले दात होते. २०१८ च्या अभ्यासात त्या खाचांचा संबंध झालरीशी नसून दात-हिरड्यांशी असावा, असे मांडले आहे. ऑस्ट्रेलियातील दातवाला जॅनजुसेटस तर जवळजवळ टोकाराहियाच्याच काळातला, आणि तोही झालरवाल्या देवमाशांच्याच गटात मोडतो! म्हणजे गटाचे नाव झालरीवरून, पण गटातील काहींना झालरच नाही, हे सातवीच्या मुलांना कसे समजवावे?

माझी विनंती नेमकी आहे. खाचा बाजूला ठेवल्या, तर झालर असल्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा कवटीच्या कोणत्या भागात शोधतात? आजच्या झालरवाल्या देवमाशांच्या गर्भात दातांचे अंकुर येऊन जिरतात, हे मला ठाऊक आहे. मात्र तो पुरावा दगडात दाखवता येत नाही. प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र शिकवणाऱ्या कोणाकडे आजच्या देवमाशाच्या टाळूचे जवळून घेतलेले छायाचित्र असेल, तर तेही हवे आहे. पुढच्या महिन्यात त्याच वर्गावर पुन्हा जायचे आहे, आणि ती मुलगी पहिल्या बाकावर बसते.